जुन्या कौलारू इमारतीला तांब्याची पन्हळ बसवताना

तांब्याचा पत्रा सहजासहजी खराब होत नाही. पन्हळ गळते ती सांध्यात. फाटते ती जिथे तिला हलायला जागा ठेवलेली नसते तिथे. आणि भिंत ओली होते ती पन्हळीची पुढची कड मागच्या कडेपेक्षा उंच राहिल्यामुळे. या तीन ठिकाणी हात नीट बसला की उरलेलं काम साधं पत्राकाम आहे.

इथे डोळ्यांसमोर धरलेली इमारत शंभर-सव्वाशे वर्षांची आहे: मंगलोरी कौलं, सागवानी वासे, काळ्या दगडाच्या किंवा चुन्याच्या गिलाव्याच्या भिंती. मुंबईच्या फोर्टातल्या कचेऱ्या, महाबळेश्वर-माथेरानचे बंगले, कोकणातल्या जुन्या शाळा या सगळ्यांना थोड्या फरकाने हीच पद्धत लागू पडते.

तांबं लावावं का, हे आधी ठरवा

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या इमारतींना मुळात बिडाची (ओतीव लोखंडाची) किंवा जस्ती पत्र्याची पन्हळ होती. जुन्या फोटोत नक्षीदार बिडाची पन्हळ दिसत असेल, तर तिथे तांबं लावणं म्हणजे इमारतीला नवा दागिना घालण्यासारखं आहे. असं करू नका, बीडच पुन्हा बसवा. जुन्या तांब्याचे अवशेष सापडत असतील, पन्हळ कठड्यामागे लपणारी असेल किंवा थकलेल्या वाशांना बिडाचं वजन पेलणार नसेल, तिथे तांब्याची बाजू खरी. घाटमाथ्यावरही ते शोभतं, कारण तिथे जस्ती पत्रा पावसापुढे फार दिवस टिकत नाही.

मुंबईत १९९५ पासून वारसा नियम आहेत. इमारत वारसा यादीत श्रेणी १, २अ, २ब किंवा ३ मध्ये असेल तर महापालिकेमार्फत वारसा संवर्धन समितीकडे जावं लागतं. होती तशीच दुरुस्ती आणि साहित्य बदलून केलेली दुरुस्ती या तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून अर्जासोबत पन्हळीचा छेद, तिला धरणाऱ्या ब्रॅकेटचं चित्र आणि जुना फोटो जोडा. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत इमारत असेल तर दुरुस्तीलाही १९५८ च्या कायद्याखाली वेगळी परवानगी लागते. पत्रा कापण्याआधी हे कागद हातात हवेत.

वळचणीची तपासणी

परांची बांधली की खालच्या दोन ओळींची कौलं उतरवा आणि त्यांच्यावर खडूने नंबर घाला. जुन्या कौलांचे साचे निरनिराळे असतात, त्यामुळे एका ओळीचं कौल दुसरीत बसेलच असं नाही. मग प्रत्येक वाशाच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर दाबून पाहा. ५ मिमीपेक्षा जास्त आत गेला तर टोक कुजलेलं समजा आणि सुताराकडून आधी नवा तुकडा जोडून घ्या. कुजक्या लाकडात स्क्रू पहिल्या पावसापुरता धरतो.

जुनी फेशिया पट्टी किंवा कौलांची रांग समपातळीत आहे असं कधीच धरू नका. बारा मीटरच्या वळचणीत मधोमध दोन-तीन सेंटिमीटरची झोळ अगदी नेहमीची आहे. डोळ्यांना सरळ दिसावी म्हणून पन्हळ तिच्या समांतर लावली, तर पाणी नेमकं झोळीत साचतं. पातळी घ्यायची ती गवंड्याच्या पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनेच.

किती मोठी पन्हळ

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. समजा पाख्याची (छपराच्या एका उताराची) लांबी १२ मीटर, आडवी खोली ५.५ मीटर आणि उतार ३० अंश. वाऱ्याने तिरका येणारा पाऊस धरण्यासाठी पाख्याच्या उंचीचा अर्धा भाग खोलीत मिळवा: उंची ३.२ मीटर, अर्धी १.६. म्हणजे ७.१ गुणिले १२, सुमारे ८५ चौरस मीटर. कोकणात आणि मुंबईत तासाला १५० मिमीच्या खाली हिशेब करू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला होता. पण पन्हळीची परीक्षा २४ तासांचा आकडा घेत नाही, ती घेतात पंधरा मिनिटांच्या सरी. ८५ गुणिले १५० भागिले ३६०० म्हणजे सेकंदाला ३.५ लिटर.

१५० मिमी व्यासाची अर्धगोल पन्हळ जवळजवळ सपाट असताना सेकंदाला साधारण २.१ लिटर वाहून नेते, १२५ ची १.३ आणि २०० ची ४.४ लिटर. आमच्या उदाहरणात एकाच टोकाला पाणी खाली नेणारा नळ ठेवला तर १५० ची पन्हळ ओसंडणार. दोन मार्ग आहेत: २०० ची पन्हळ घ्या, नाहीतर १५० ची घेऊन दोन्ही टोकांना नळ ठेवा आणि उंचवटा मध्यावर काढा. दुसरा मार्ग बरा. पन्हळ दिसायला नाजूक राहते, ढाळ निम्मा लागतो, आणि एका नळात पिंपळाची पानं अडकली तरी दुसरा चालू असतो.

नळाचा व्यास १०० मिमी पुरतो. अडचण नळात नसते, त्याच्या तोंडाशी असते. तोंड फनेलसारखं वर १५० मिमी आणि खाली १०० मिमी करून घ्या.

साहित्य

१५० च्या पन्हळीला ०.७ मिमी जाडीचा अर्धकठीण पत्रा घ्या, २०० च्या पन्हळीला ०.८. भांड्यांसाठी मिळणारा मऊ पत्रा नको, शिडी टेकली की तो चेपतो. पट्टीची रुंदी ३३३ मिमी: अर्धगोलाला २३६, पुढच्या कडेच्या गोल गोटाला ५५ ते ६०, उरलेली मागच्या उभ्या कडेला. १ मीटर रुंद पत्र्यातून बरोबर तीन पट्ट्या निघतात, हे माप आलंय ते त्यातूनच. ४ बाय ८ फुटी पत्रा मिळाला तर तीन पट्ट्या काढून २२० मिमी उरतं, त्यातून पन्हळीची टोकं बंद करायची टोपणं निघतात.

१२ मीटरच्या वळचणीला १ बाय २ मीटरचे तीन पत्रे लागतात, सुमारे ३८ किलो. त्यांतल्या नऊ पट्ट्यांपैकी सात पन्हळीला, उरलेल्या दोन टोपणांना, तोंडांना आणि ब्रॅकेटवरच्या मऊ पट्ट्यांना. नळांसाठी आणखी दोन पत्रे. ब्रॅकेट २९, तेही तांब्याच्या ३० बाय ५ मिमीच्या पट्टीचे. स्टेनलेस ३१६ चे ५० मिमी स्क्रू ६०. तांब्याचे ३ मिमी रिव्हेट १००. डाक, म्हणजे सांध्यात वितळवून भरायचा कथलाचा मिश्रधातू, दीड किलो.

इथे कंत्राटदार जिथे पैसे वाचवतो ती जागा म्हणजे ब्रॅकेट आणि रिव्हेट. जस्ती ब्रॅकेटवर तांब्याची पन्हळ ठेवली तर खारट दमट हवेत जस्त आधी जातं, मग लोखंड, आणि वर तांबं जसंच्या तसं राहतं. ॲल्युमिनियमचे पॉप रिव्हेट त्याहूनही लवकर पिठासारखे होतात. सांधा तपासताना रिव्हेटच्या डोक्यावर पांढरी पूड दिसली तर काय झालंय ते समजा.

उलट बाजूचंही भान ठेवा. तांब्यावरून वाहिलेलं पाणी खालच्या जस्ती किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर पडलं तर तो पत्रा भोकं पडून जातो. अंगणात दर पावसाळ्यात पत्र्याची शेड उभी राहत असेल तर नळाचं तोंड तिच्यावर सोडू नका.

पट्टी वळवणं आणि सांधे

पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी जवळ असेल तर नळाचं फनेल आणि पाणी गोळा करायची पेटी तिथून करून घ्यावी, त्या हाताला तोड नाही. मात्र पन्हळीच्या आत मठारकाम, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांचं काम, नको. ठोक्यांच्या खळग्यांत माती बसते आणि मातीत रोप उगवतं. लांब पट्ट्या पत्राकाम करणाऱ्याकडे वाकवण यंत्रावर वळवा. आधी गोट, नंतर अर्धगोल. हाताने करायचं तर लाकडी साच्यावर लाकडी मोगरीने. लोखंडी हातोडा लागला की पत्रा तिथे ताणून लांबतो आणि कड लाटेसारखी होते.

सांध्याला पट्ट्या ३० मिमी एकमेकींवर घ्या, वरच्या अंगाची पट्टी आत आणि खालच्या अंगाची बाहेर, म्हणजे वाहतं पाणी कडेला आपटत नाही. दोन्ही बाजू आधी ४० मिमी रुंदीत स्वच्छ घासा आणि फ्लक्स (डाक नीट धरावा म्हणून लावायचं रसायन) लावून कथलाची पातळ कल्हई करा. मग ४० मिमी अंतराने, दोन ओळींत, एकाआड एक रिव्हेट मारा. एका सांध्याला पंधरा पुरतात. शेवटी डाक.

ताकद रिव्हेट देतो, पाणी डाक अडवतो. ही वाटणी विसरली की सांधा जातो. रिव्हेटशिवाय नुसत्या डाकेवर ठेवलेला सांधा उन्हाळ्यातल्या ओढाताणीने केसाएवढा उकलतो. त्यावर पुन्हा डाक फासली तरी पुढच्या वर्षी तो तिथेच उकलतो.

डाक निम्मं कथील आणि निम्मं शिसं असा चालतो, तो साधारण २१५ अंशांना पूर्ण वितळतो. पन्हळीचं पाणी विहिरीत किंवा टाकीत सोडणार असाल तर शिसं नसलेला कथील-तांब्याचा डाक घ्या. डाक सांध्याच्या कडेवर थापायचा नसतो, तो दोन पत्र्यांच्या मध्ये ओढला गेला पाहिजे. त्यासाठी जड सोल्डरिंग आयर्न सांध्यावर सपाट टेकवून थांबा. आतल्या कडेला लावलेला डाक बाहेरच्या कडेला चकाकत्या रेघेसारखा उमटला की आयर्न पुढे सरकवा. रेघ तुटक आली तर तिथे कल्हई कच्ची आहे. सांधा उघडून पुन्हा करा. काम झाल्यावर सोड्याच्या पाण्याने आणि मग साध्या पाण्याने फ्लक्स धुऊन काढा. राहिलेला फ्लक्स पहिल्या दमट रात्रीत हिरवा होतो आणि पत्रा खात राहतो.

जितके सांधे जमिनीवर होतील तितके जमिनीवरच करा. छपरावर गॅसची ज्योत नेऊ नका. जुन्या वळचणीत चिमण्यांची घरटी, वाळकी पानं आणि शंभर वर्षांची धूळ साचलेली असते. वर करावाच लागणाऱ्या सांध्याला आयर्न वापरा, बादली आणि अग्निशामक हाताशी ठेवा, आणि शेवटचा सांधा झाल्यावर निदान तासभर एक माणूस तिथेच बसवा. धुमसणारं घरटं लगेच पेटत नाही, लोक चहाला गेल्यावर पेटतं.

ब्रॅकेट आणि ढाळ

ब्रॅकेटमधलं अंतर ५०० मिमी, वाशागणिक एक जमलं तर उत्तमच. भरलेल्या १५० च्या पन्हळीचं वजन मीटरला ११ किलोच्या आसपास जातं, त्यात ओल्या पानांची भर. नळाच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना एकेक जादा ब्रॅकेट द्या. ब्रॅकेट दगडात घ्यावाच लागला तर दरजेत, म्हणजे दोन दगडांमधल्या सांध्यात, घ्या: शेपूट चिरलेली पट्टी चुन्याच्या दरजेत खोल बसवून चुन्यानेच भरा. दगडात फुगणारा बोल्ट ठोकला तर कडेचा कपचा उडतो, आणि तो जोडता येत नाही.

ढाळ मीटरला ३ ते ५ मिमी. सहा मीटरला १८ मिमी धरलात तर खालून नजरेला खुपत नाही. ५ धरलात तर कोरीव कंगोऱ्याशी पन्हळीची तिरकी रेघ दिसायला लागते. मधला आणि टोकाचा ब्रॅकेट आधी पक्का करा, दोरी ताणा, आणि उरलेल्यांचं वाकवण जमिनीवर मापाने करून त्यांना नंबर द्या. वर गेल्यावर ब्रॅकेट पिळून जुळवणं म्हणजे प्रत्येकाला वेगळी उंची देणं.

पुढची कड मागच्या कडेपेक्षा १२ मिमी खाली हवी. ढगफुटीच्या सरीत पन्हळ ओसंडणारच, पण ओसंडलेलं पाणी अंगणात पडलं पाहिजे, भिंतीत नाही. प्रत्येक ब्रॅकेटवर छोटी लेव्हल आडवी ठेवून हे माप स्वतः तपासा.

परदेशी माहितीपत्रकांत पन्हळ छपराच्या रेषेच्या बरीच खाली दाखवतात. तिथे घसरणारा बर्फ पन्हळीवरून निघून जावा म्हणून ती तशी असते. आपल्याकडे बर्फ नाही, पाण्याचा पडदा आहे. पन्हळ खाली लावली तर जोरदार सरीत पागोळ्या तिच्यावरून उडी मारतात. कौलाचं टोक पन्हळीच्या मागच्या कडेपुढे ४० ते ५० मिमी यावं, आणि पुढचा गोट कौलाच्या रेषेला जवळजवळ टेकावा.

कौलाच्या पहिल्या रिपेखालून तांब्याचा एक पदर काढा आणि तो पन्हळीत ५० मिमी उतरवा. वाऱ्याने उलटं सरकणारं पाणी हाच अडवतो. पदर पन्हळीला डाकू नका, नुसता लोंबता राहू द्या.

हलायची जागा

थंडीतल्या पहाटे १५ अंश, मेच्या दुपारी उन्हातला पत्रा ६५ अंश. या ५० अंशांत ६ मीटर तांबं ५ मिमी वाढतं. दोन्ही अर्ध्या पन्हळी नळांशी पक्क्या धरल्या आहेत, म्हणून वाढ होते ती मध्याकडे, दोन्हींची मिळून १० मिमी. मध्यावरच्या उंचवट्यावर दोन्ही अर्ध्यांना वेगवेगळी बंद टोपणं डाकून लावा, मध्ये २५ मिमी फट ठेवा आणि तिच्यावर उलट्या टोपीसारखं तांब्याचं झाकण सैल बसवा. झाकण एकाच बाजूला धरायचं. व्यवस्थित दिसावं म्हणून कुणीतरी ते दोन्हीकडे डाकून टाकतो, आणि मग शेजारचे सांधे एकेक करून फाटतात.

पन्हळीतून स्क्रू आरपार कधीच नको. ब्रॅकेटच्या दोन्ही टोकांना तांब्याच्या मऊ पट्ट्या ठेवा आणि त्या कडांवर दुमडा: पन्हळ उचलली जात नाही, पण सरकते.

तोंडं आणि नळ

तोंडासाठी भोक नळापेक्षा २० ते २५ मिमी लहान कापा आणि कड मोगरीने खाली वळवा, म्हणजे ती नळाच्या आत उतरते. फनेल बाहेरून डाका. आतून पट्टी ठेवून डाकली तर पत्र्याच्या जाडीएवढा बांध तयार होतो, आणि त्यामागे डासांना पुरेल इतकं पाणी कायम राहतं. तोंडावर सपाट जाळी नको, एका पानाने ती बंद होते. तांब्याच्या तारेचा घुमट बसवा.

वळचण भिंतीपासून बरीच पुढे असते. तिथून भिंतीशी येताना नळाला काटकोनात वळवू नका, दोन बोथट वळणं द्या. भिंतीपासून नळ ३० ते ४० मिमी सुटा ठेवा. वरचा नळ खालच्याच्या आत ६० मिमी, डाक न लावता. नळाची उभी शिवण भिंतीकडे नको, समोर किंवा बाजूला हवी: कधी फुटलाच तर पाणी बाहेर उडेल आणि दिसेल. शेवटचे दोन मीटर बिडाचे ठेवा. चोरी आणि हातगाडीचे धक्के दोन्हींतून सुटका होते. मात्र बिडाला आतून डांबरी रंग द्या आणि तांबं-बीड भेटतात तिथे रबराची कडी घाला.

पोरबंदरी चुनखडीचं कोरीव काम किंवा चुन्याचा पांढरा गिलावा खाली असेल तर एकही थेंब त्यावर पडता कामा नये. तांब्याचा हिरवा डाग चुनखडीत शिरतो आणि धुऊन जात नाही. टोकाच्या टोपणांची खालची कड थोडी बाहेर वाकवा, थेंब तिथून सुटतो.

पाण्याची परीक्षा

परांची उतरवण्याआधी दोन्ही तोंडं चिंध्यांच्या गोळ्याने बंद करा. सांध्यांच्या बाहेरून खडूची पूड फासा. पन्हळ ५० मिमी भरा आणि तासभर थांबा. गळती थेंब पडण्याआधी पुडीवर काळसर टिपक्यासारखी उमटते. मग गोळे काढा. पाणी गेल्यावर कुठे ३ मिमीहून जास्त डबकं राहिलं तर तिथला ब्रॅकेट सुधारा.

नव्या तांब्यावर हातांचे डाग पडतात म्हणून मोजे वापरा. पडलेच तरी घासू नका, वर्षभरात रंग आपोआप एकसारखा होतो. घरच्या बंबासारखं चिंच-मीठ लावून चकचकीत ठेवायचा हट्टही नको. समुद्राजवळ तांबं लवकर हिरवं होतं, देशावर बराच काळ गडद तपकिरी राहतं, आणि तो थर पत्र्याचं रक्षणच करतो.

साफसफाई मृगाआधी एकदा, पहिल्या मोठ्या पावसानंतर एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा. कबुतरांची विष्ठा तांबं खाते, ती साचू देऊ नका. पिंपळाचं रोप बोटाएवढं असतानाच मुळासकट काढा. खरवडायला लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी घ्या, खुरपं नको.

पुढे सांधा गळलाच तर त्यावर डांबर किंवा डांबरी टेप लावू नका. उन्हात डांबरातून सुटणारं आम्ल तांब्याला बाधतं, आणि एकदा डांबर लागलेल्या पत्र्यावर कल्हई धरत नाही. रिव्हेट काढा, जुना डाक तापवून पुसा, पत्रा लख्ख करा आणि सांधा पहिल्यासारखा नव्याने बांधा.